खुबा बदलला, मांडीच्या हाडाचं काय?

आजचा विषय वाचून काही जणांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाचा मास्तर हाडांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, कुणाची नाडी बघण्याचा मला अधिकार नाही. म्हणून आज मी उपचार सांगणार नाही, इतिहास सांगणार आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झाली की मांडीच्या हाडावरचा भार कसा बदलतो, आणि ही गोष्ट माणसाला कळायला किती काळ लागला, याचा इतिहास.

या विषयात मी शिरलो तो स्वतःच्या पायाने, आणि तोही घसरलेल्या. चार वर्षांपूर्वी अंगणातल्या ओल्या फरशीवर पडलो. डाव्या मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रिया झाली, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसला, मी चालू लागलो. दोन वर्षांनी तपासणीला गेलो तेव्हा सर्जननी जुना आणि नवा असे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दांड्याच्या वरच्या टोकाजवळ, आतल्या बाजूला, हाड पूर्वीपेक्षा फिकट दिसत होतं. मी घाबरलो. विचारलं, "इन्फेक्शन आहे का?" ते म्हणाले, "नाही सर. तिथलं काम आता धातू करतो. हाडाला काम उरलं नाही, म्हणून ते आटतंय."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. काम नाही म्हणून आटणारं हाड! पन्नास वर्षं मी मुलांना द्रव्य आणि गुण शिकवले, पण आपल्याच मांडीत असं काही चाललेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मग वाचत गेलो.

आधी रचना समजून घेऊ. मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड, उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं. पण ते सरळ खांबासारखं नाही. वरच्या टोकाला ते आत वळतं. एक मान, आणि मानेवर गोळा. हा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. उखळीचा सांधा म्हणतो आपण. मान आणि खालचा दांडा यांच्यात साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. म्हणजे शरीराचा भार थेट दांड्यावर उतरत नाही. तो बाजूला, गोळ्यावर पडतो, आणि मानेवरून वळून खाली येतो. त्यामुळे हाड वाकू बघतं. आतल्या बाजूला दाब पडतो, बाहेरच्या बाजूला ताण येतो.

आता हा भार किती? तुम्ही म्हणाल, माणसाचं वजन ६० किलो, तर एका पायावर उभं राहिल्यावर खुब्यावर ६० किलो. तसं नाही. आपल्याकडे ढिवर मंडळी कावड घेऊन जातात, ती आठवा. खांदा बरोबर मधोमध असेल तर दोन्ही टोपल्या सारख्या भाराच्या लागतात. पण खांदा एका टोपलीच्या जवळ सरकला, तर जवळच्या टोपलीत जास्त वजन घालावं लागतं, नाहीतर कावड कलंडते. आणि खांद्यावर येतो तो दोन्ही टोपल्यांचा मिळून भार.

एका पायावर उभं राहिलं की आपला खुबा हा कावडीचा खांदा होतो. लांबच्या बाजूला शरीराचं वजन. त्या पायाचं वजन सोडून, ६० किलोच्या माणसाचं साधारण ५० किलो धरू. जवळच्या बाजूला खुब्याबाहेरचे स्नायू, जे मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला धरून असतात. त्यांची बाजू लांबीने निम्मी धरली, तर त्यांना दुप्पट, म्हणजे १०० किलोइतकं ओढावं लागतं. पन्नास आणि शंभर, दीडशे. वजनाच्या अडीच पट! हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. बर्लिनमध्ये बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भार मोजणारी यंत्रणा आत बसवलेले कृत्रिम सांधे रुग्णांना घातले. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत साध्या चालण्यात वजनाच्या सुमारे २.४ पट भार आला, जिना चढताना सुमारे अडीच पट. आणि ठेच लागून तोल सावरताना सुमारे आठ पट भार गेल्याचीही नोंद आहे. म्हातारपणी ठेच का जपायची, ते यावरून कळतं.

हे स्नायू कमजोर झाले की काय होतं, ते जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये दाखवलं. दुखऱ्या पायावर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते. माणूस डुलत चालतो, कारण अंग दुखऱ्या बाजूला झुकवलं की कावडीची लांब बाजू आखूड होते. आणि एक उपयोगाची गोष्ट, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ लोक उलट करतात. विरुद्ध हातातली काठी लांबच्या टोपलीला खालून हात देते. तिथे दिलेला थोडासा आधारही खुब्यापासून लांब असल्यामुळे मोठं काम करतो, आणि स्नायूंची ओढ हलकी होते.

आता इतिहासाकडे वळू. हाडाला यंत्रशास्त्राच्या नजरेनं बघायची सुरुवात गॅलिलिओपासून धरतात. १६३८ साली, म्हणजे शिवाजी महाराज आठ वर्षांचे असताना, गॅलिलिओचा दोन नव्या विज्ञानांवरचा ग्रंथ लायडनला छापला गेला. त्यात त्यानं दाखवलं की प्राणी तिप्पट मोठा झाला, तर त्याचं हाड नुसतं तिप्पट करून भागत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड लागतं. आणि तितक्याच मालात भरीव दांड्यापेक्षा पोकळ नळी वाकायला जास्त कठीण असते, हेही त्यानं मांडलं. हे आपल्या बुरड कारागिराला ग्रंथाशिवाय ठाऊक असतं. बांबू पोकळ आहे म्हणूनच तो हलका असूनही इतका ताठ आहे. मांडीचं हाडही मधल्या भागात बांबूसारखी नळीच आहे.

पण वरचा भाग, मान आणि गोळा, आतून पोकळ नसतो. तिथे बारीक जाळी असते. ही जाळी अस्ताव्यस्त आहे असंच पुष्कळ दिवस वाटत होतं. १८६६ च्या सुमाराची झुरिकमधली गोष्ट आहे. हेर्मान फोन मायर हे शरीररचनाशास्त्रज्ञ हाडाचे उभे काप दाखवत होते. तिथे कार्ल कुलमान नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. पूल आणि याऱ्या यांच्यावरचे ताण रेषांनी काढून दाखवायची पद्धत त्यांनीच उभी केली होती. त्यांना मांडीच्या हाडातल्या जाळीत वाकड्या मानेच्या यारीतल्या भाररेषा दिसल्या. जिथे दाब जातो त्या वाटेने एक जाळी, जिथे ताण जातो त्या वाटेने दुसरी, दोन्ही एकमेकींना छेदणाऱ्या.

यावरून बर्लिनचे सर्जन यूलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हाडाची रचना भारानुसार ठरते, आणि भार बदलला तर रचनाही बदलते. याला वोल्फचा नियम म्हणतात. नंतरच्या संशोधकांनी त्यातलं गणिती काटेकोरपण मान्य केलं नाही. हाड म्हणजे काही एकजिनसी पोलाद नव्हे, त्यामुळे यारीची उपमा एका मर्यादेपर्यंतच चालते. पण मूळ गाभा टिकला. हाडात एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खात असतात, दुसऱ्या नवं रचत असतात, आणि हाडाच्या आत गाडलेल्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी किती भार येतोय याची खबर ठेवतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. अमेरिकेच्या हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ मध्ये याला तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटसारखं रूप दिलं. भार एका पातळीखाली गेला की हाड कमी होतं, वर गेला की वाढतं.

म्हणजे बघा, खुब्यावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन हाडाला नवं वळण देत असतो, नवा हुकूमच म्हणा. त्याला ते ठाऊक असो वा नसो.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता, कारण कापून आत काही बसवतच नसत. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या मांडीसाठी रुग्णाला फळीवर झोपवून, खुंट्यांनी हालचाल अडवून ठेवायला सांगितलं आहे. त्याला कपाटशयन म्हणतात. उद्देश एकच, हाड हलू द्यायचं नाही. दांड्याचं हाड यानं जुळतं, मानेचं सहसा जुळत नाही. मानेचा मोड तिरका असेल तर वजन पडताच दोन तुकडे एकमेकांवरून घसरतात. आखेनचे फ्रीडरिख पाउवेल्स यांनी १९३५ मध्ये नेमकं हेच मांडलं, की मानेचा मोड हा यंत्रशास्त्राचा प्रश्न आहे. मोडाची रेषा जितकी उभी, तितकी घसरण जास्त.

त्यातून एक सुंदर विचार निघाला. हाडाची जागा बदलून भाराची वाट बदलायची! लिव्हरपूलचे मॅकमरे मांडीचं हाड मानेच्या खाली तिरकं कापून दांडा आत, गोळ्याखाली सरकवत. घसरवणारा जोर मग दाबणारा होई, आणि दाबाखाली हाड जुळतं. आपल्या देशातही ही शस्त्रक्रिया बरीच वर्षं चालली, कारण तिला महागडा धातू लागत नसे.

दुसरी एक शस्त्रक्रिया गर्डलस्टोन यांच्या नावाने ओळखली जाते. क्षयाने किंवा पूने सांधा नासला असेल तर गोळा आणि मान काढूनच टाकायची. मग कावडीला खांदाच उरत नाही. पाय आखूड होतो, माणूस लंगडतो, पण वेदना जाते आणि सांधा वाकतो. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी क्षयरोगाच्या रुग्णांत या शस्त्रक्रियेचा चांगला अभ्यास केला. आपल्याकडे तिचं महत्त्व वेगळं आहे. ज्याला मांडी घालून जेवायचं आहे, उकिडवं बसायचं आहे, रोवणीला बांधीत वाकायचं आहे, त्याला ताठ पण न वाकणारा खुबा काय कामाचा? विलायतेतल्या पुस्तकांत खुर्ची गृहीत धरलेली असते, आपल्या जिल्ह्यात जमीन गृहीत धरावी लागते.

आता धातूकडे येऊ. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या ऑस्टिन मूर यांनी हॅरॉल्ड बोलमन यांच्यासोबत १९४० मध्ये एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून धातूचा बसवला. पुढे १९५० च्या दशकात त्यांचा खालून दांडा असलेला गोळा आला. दांड्याला भोकं होती, त्यातून हाड वाढून दांडा धरेल ही कल्पना. भारतात म्हाताऱ्या माणसांच्या मोडलेल्या मानेसाठी हा गोळा वर्षानुवर्षं वापरला गेला. तुमच्यापैकी कुणाच्या आजीच्या खुब्यात तो असेलही.

मोठी कलाटणी दिली इंग्लंडच्या जॉन चार्न्ली यांनी. त्यांनी खुब्याकडे इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं आणि एकेक भार मोजला. तीन गोष्टी सांगतो. पहिली, गोळा लहान ठेवला, सुमारे २२ मिलिमीटरचा, म्हणजे घर्षणाचा पीळ कमी. दुसरी, कावडीचं गणित बदललं. वाटी आत सरकवली म्हणजे लांब बाजू आखूड झाली, आणि स्नायूंचा उंचवटा बाहेर सरकवला म्हणजे आखूड बाजू लांब झाली. खुब्यावरचा एकूण भारच उतरला! तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची. दांडा हाडात नुसता ठोकला तर तो चार-दोन ठिकाणीच टेकतो, तिथे हाड खचतं आणि दांडा हलू लागतो. दातांच्या वैद्यकात वापरात असलेलं ॲक्रिलिक सिमेंट त्यांनी दांड्याभोवती भरलं. ते डिंकासारखं चिकटवायला नव्हे, तर गवंडी फरशीखाली माल भरतो तसं. फरशी सगळीकडे टेकली की तडकत नाही.

पण त्यांचीही चूक झाली. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं. ते काही वर्षांतच झिजलं आणि झिजेच्या कणांनी हाड खाल्लं. रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. मग चार्न्लींनी टेफ्लॉनचा आणि नव्या पॉलिएथिलीनचा नमुना स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली. १९६२ च्या नोव्हेंबरपासून पॉलिएथिलीनची वाटी सुरू झाली, आणि आजच्या सांधाबदलाचा पाया पडला. चूक कबूल करून स्वतःच्या अंगावर पडताळा घेणारा माणूस मला तत्त्वज्ञ म्हणून फार जवळचा वाटतो.

आता माझ्या एक्स-रेकडे येऊ. सांधा चांगला चालू लागला, रुग्ण पंधरा-वीस वर्षं जगू लागले, तेव्हा एक्स-रेत ते फिकट हाड दिसायला लागलं. कारण असं. वजन पूर्वी गोळ्यावरून मानेत, मानेतून दांड्याच्या वरच्या भागात उतरत असे. आता ते धातूत शिरतं, धातूतूनच सरळ खाली जातं, आणि दांड्याच्या टोकाजवळ हाडाच्या हवाली होतं. मधलं हाड बिनकामाचं राहतं. इंग्रजीत याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात. धातू हाडाला भारापासून झाकतो. झाकणं म्हणजे संरक्षण असं आपल्याला वाटतं, इथे मात्र झाकणं म्हणजे उपासमार.

धातू हाडापेक्षा किती ताठ असतो? टायटॅनियमचे मिश्रधातू हाडाच्या कठीण भागाच्या पाच-सहा पट ताठ, कोबाल्ट-क्रोमचे दहा पटींहून जास्त. त्यात आकाराचं गणित आहे. गोल दांड्याची जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला होणारा विरोध सोळा पट होतो. म्हणून जाड दांडा बसवला की हाडाचा वाटा आणखी घटतो.

तुम्ही म्हणाल, मग हाडाएवढाच लवचिक दांडा करावा. हे करून पाहिलं गेलं. १९७० च्या दशकात युरोपात प्लास्टिक मिसळलेले लवचिक दांडे आले. ते हाडाबरोबर वाकत, पण हाड आणि दांडा यांच्या सीमेवर हालचाल वाढे आणि दांडा सुटे. नेदरलँड्सच्या रिक हुइस्केस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर हिशेब मांडून हा पेच स्पष्ट केला. दांडा ताठ ठेवला तर हाड आटतं, लवचिक ठेवला तर सीमेवरचा ताण वाढतो. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. म्हणून आजचे बरेच दांडे मधला मार्ग धरतात. टायटॅनियमचे, आखूड, आणि वरच्याच भागात खरखरीत, म्हणजे हाड तिथे धरेल आणि भार वरूनच हाडात शिरेल.

दांड्याच्या टोकाचीही एक गोष्ट आहे. वर ताठ, खाली लवचिक, आणि जिथे हे बदलतं तिथे ताण साचतो. नव्या दांड्याच्या काही रुग्णांना चालताना मांडीच्या मध्यावर दुखतं, त्याचं एक कारण हेच. पडलं तर पुष्कळदा हाड याच टोकाजवळ मोडतं. अशा मोडांची व्हँकूव्हरच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये केलेली वर्गवारी आज जगभर वापरतात. तिच्यात मोड कुठे आहे एवढंच बघत नाहीत, दांडा घट्ट आहे का आणि भोवतीचं हाड किती उरलंय हेही बघतात.

मग हाड वाचवायचं म्हणून गोळा न काढता त्यावर धातूची टोपी घालायची पद्धत तरुणांसाठी पुढे आली. मान शाबूत, भाराची वाट जुनीच, विचार उत्तम. पण यात धातूवर धातू घासतो. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा सांधा या घराण्यातला. तो टोपीच्या आणि दांड्याच्या, दोन्ही रूपांत होता. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. धातूचे कण रक्तात आणि सांध्याभोवतीच्या मांसात गेल्याचे रुग्ण भारतातही निघाले, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली, आणि पुढे केंद्राच्या तज्ज्ञ समितीने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. कागदावर भाराचं गणित बरोबर असणं पुरेसं नाही, हे यातून शिकायचं.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. हे सगळं भंडाऱ्यात बसून का सांगायचं?

कारण खुबा बदलणं हा म्हाताऱ्यांचा विषय आहे, असं आपण धरून चालतो. आपल्या जिल्ह्यात तसं नाही. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी तो नागपूर भागात असल्याचं लॅन्सेटमधून जगाला कळवलं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, हा सगळा पट्टा या आजाराचा. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. त्या बुजल्या की गोळ्याचं हाड मरतं. मेलेलं हाड लगेच खचत नाही. पण त्याची डागडुजी थांबलेली असते, आणि वर रोजचा अडीच पट भार चालूच असतो. एक दिवस गोळा चेपतो.

माझा एक विद्यार्थी होता, वैनगंगेकाठच्या गावचा. बाविसाव्या वर्षी त्याच्या जांघेत दुखायला लागलं. घरच्यांना वाटलं वात आहे. गुडघाही दुखे, म्हणून एक्स-रे काढला तो गुडघ्याचा, आणि त्यात काही निघालं नाही. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे तेव्हा आम्हां कुणाला माहीत नव्हतं. खुब्याचा एक्स-रे निघाला तेव्हा गोळा चेपलेला होता. सव्विसाव्या वर्षी त्याचा सांधा बदलला. माझी शस्त्रक्रिया झाल्यावर तो भेटायला आला. आम्ही दोघं काठ्या टेकून अंगणात बसलो. त्यानं विचारलं, "सर, हे किती वर्षं टिकेल?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज थोडं देता येतं. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठ्या नोंदींवरून एक अंदाज आला, की बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. मला सत्तरीत हा आकडा पुरेसा आहे. सव्विशीतल्या मुलाला नाही. त्याला एकदा, कदाचित दोनदा, सांधा पुन्हा बदलावा लागेल. प्रत्येक वेळी जुना दांडा काढताना थोडं हाड जातं, आणि मधल्या वर्षांत आटलेलं हाड तर आधीच गेलेलं असतं. त्यातून सिकलसेलमध्ये आणखी एक अडचण असते. जुन्या मेलेल्या भागांमुळे हाडाची पोकळी आतून अरुंद आणि कडक झालेली असू शकते, दांडा बसवताना हाड तडकू शकतं. म्हणून तरुणाच्या मांडीचं हाड म्हणजे बियाण्याचं धान आहे. पहिल्याच वर्षी ते संपवायचं नसतं.

यातून तीन गोष्टी निघतात. सिकलसेल असलेल्या मुलाच्या जांघेत, खुब्यात किंवा कारण न सापडणारं गुडघ्यात दुखलं, तर खुबा तपासून घ्यावा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. गोळा चेपण्याआधी करण्यासारखं काही असतं, चेपल्यावर वाट अरुंद होते. दुसरी, सांधा बदलल्यावर दुखत नाही म्हणून तपासणी सोडू नये. हाड आटताना दुखत नाही. माझंही दुखलं नव्हतं. तिसरी, सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि १ जुलै २०२३ ला शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचं लक्ष्य २०४७ चं आहे. पण आज जे पंचविशीत आहेत ते २०४७ मध्ये पन्नाशीकडे झुकलेले असतील. त्यांचे खुबे मोहिमेसाठी थांबणार नाहीत.

शेवटी माझ्या मूळ विषयाचे दोन शब्द, नाहीतर पेन्शन घेतल्याचं समाधान वाटणार नाही. आपल्या पवनीला फार जुने बौद्ध स्तूप निघाले. त्या परंपरेत नागसेन भिक्षू आणि मिलिंद राजाचा रथाविषयीचा संवाद प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? सुट्या भागांत रथ सापडत नाही. मला वाटायचं हा शब्दांचा खेळ आहे. आता मांडीला हात लावला की तो संवाद आठवतो. हाड ही ठेवून दिलेली वस्तू नाही. ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं घडतं, आणि कसं घडायचं हे त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरवतं. त्यातला एक भाग बदलला की सगळ्या भागांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं. सर्जनना हे कळायला शंभर वर्षं लागली. म्हणून पुढच्या वेळी कुणी सांगितलं की माझा खुबा बदलला, तर सांधा कसा आहे एवढंच विचारू नका. हाड कसं आहे, तेही विचारा. तो विद्यार्थी आज नोकरी करतो, वर्षातून एकदा एक्स-रे काढतो आणि मला त्याचा फोटो पाठवतो. मीही माझा त्याला पाठवतो. दोघांच्याही फोटोंत आम्ही आधी ती आतली, वरची कड बघतो.

आता प्रश्न विचारा. औषधाचे मात्र डॉक्टरांना विचारा, बाकीचे मला.